काठ नसलेल्यांची होडी

मुंबईचा माणूस शहापूरला कधी आलेला नसला, तरी शहापूर त्याने प्यालेले असते. सकाळी तो नळ सोडतो तेव्हा त्यातून तानसा येते, भातसा येते, वैतरणा येते. आणि या साऱ्याजणींचा बराचसा संसार आमच्या तालुक्यात, नाहीतर त्याच्या शिवेवर मांडलेला आहे. तानसाचे धरण १८९२ सालचे. पावणेतीन किलोमीटरांच्या आसपास लांब असलेली ती दगडी भिंत पाहिली, की जुन्या बांधणाऱ्यांना घाई नव्हती हे पटते. वैतरणेवरचा मोडकसागर १९५७ चा, महापालिकेचे अभियंते मोडक यांच्या नावाचा. भातसा त्यानंतरची, पण मुंबईच्या सात तलावांतला जवळजवळ निम्मा साठा आज एकट्या भातसाच्या पोटात असतो. मुंबई रोज सुमारे ४०० कोटी लिटर पाणी पिते, तेव्हा तिला ठसका लागू नये याची काळजी आमच्या डोंगरांना वाहावी लागते.

शेजारचा मुरबाड तालुकाही मागे नाही. तिथे बारवीचे धरण आहे. १९७२ पासून ते बदलापूर-अंबरनाथ-डोंबिवलीकडची गावे आणि कारखाने पोसते, आणि त्याची उंची वाढत गेली तसतसे तालुक्यातले पाडे त्याच्या पाण्यापुढून उठत गेले. शिवाय काळू आहे, शाई आहे. पूर्वेला आजोबाच्या डोंगरापासून सिद्धगडापर्यंत सह्याद्री असा उभा आहे, की आषाढातला एकही ढग त्याला जकात दिल्यावाचून घाटावर जाऊ शकत नाही.

इतके असून मार्च उलटला की याच दोन तालुक्यांतल्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण कोणी घडवली ठाऊक नाही. घडवणारा आमच्या बाजूचा असावा.

आता अशा मुलखात राहणाऱ्या एका मराठीच्या प्राध्यापिकेला चाळिशी उलटल्यावर होडी घ्यावीशी वाटली, तर तिला काय म्हणावे? आमच्या स्टाफरूममध्ये या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे मिळाली; त्यांतले सर्वांत सौम्य उत्तर ‘हौस’ हे होते. माझे म्हणणे एवढेच, की मी कृष्णेकाठच्या गावात वाढले. पाठीला सुके भोपळे बांधून वडिलांनी मला डोहात सोडले, आणि एक एक भोपळा कमी करत पोहायला शिकवले. लग्नानंतर शहापूरला आले ती पाण्याने वेढलेल्या तालुक्यात आले, आणि इतक्या वर्षांत पाण्याला स्पर्श झाला तो बादलीतल्या. रविवारी सकाळी तास-दोन तास एखाद्या शांत तलावावर तरंगत राहावे, बगळे पाहावेत, भूक लागली की घरी यावे, एवढीच इच्छा होती.

बरे, आमच्या विषयाचा या कामी काही उपयोग होईल म्हणावे, तर तेही नाही. मराठी साहित्यात होड्या पुष्कळ आहेत, पण त्यांतल्या बहुतेक भवसागर तरून जाण्यासाठी आहेत. त्या किती किलो वजन पेलतात, त्यांना किती कप्पे असतात आणि घरी आणल्यावर ठेवायच्या कुठे, याविषयी आपले संत आणि कवी सारखेच मौन पाळतात.

ठेवायची कुठे, हाच खरा पहिला प्रश्न. लाकडाची किंवा फायबरची होडी घ्यायची तर आपला स्वतःचा काठ हवा. निदान काठावर ओळखीचे घर हवे, आणि ती तिथवर नेणारे वाहन हवे. आम्ही राहतो दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. वाहन म्हणजे महामंडळाची लाल गाडी. तेव्हा उरते ती फुगवण्याची होडी. पिशवीत घालून खांद्याला अडकवावी, काठावर फुगवावी, परतताना हवा काढून घडी घालावी. ज्यांना काठ नाही त्यांच्यासाठीच ती निघाली आहे.

आणि ही कल्पना काही परदेशी कारखान्यांनी काल शोधून काढलेली नाही. निमरूदच्या राजवाड्यातल्या ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातील शिल्पपटांवर असिरियाचे सैनिक फुगवलेल्या कातड्यांवर पोट टेकून नदी पार करताना दिसतात. ते पट आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आपल्याकडे हिमाचलात सतलजच्या पाण्यावर जनावरांच्या फुगवलेल्या कातड्यांवरून माणसे उतरवीत असत. ‘कयाक’ हा शब्द उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांचा. वाहत आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा करून त्यावर ते सीलचे कातडे ताणून बसवीत, आणि दोन्ही टोकांना पाते असलेल्या एकाच वल्ह्याने शिकारीला जात. आपण ज्ञान आणि कर्म यांची, घर आणि नोकरी यांची ‘सांगड’ घालतो ना? ती सांगडही मुळात पाण्यातलीच. दोन होड्या जोडून किंवा लाकडे-भोपळे एकत्र बांधून केलेला तराफा म्हणजे सांगड. शब्द आपण काठावर आणला आणि पाण्यातली वस्तू विसरून गेलो.

असो. डोंबिवलीला माझा एक भाचा आहे. त्याने फोनवर होड्यांची इतकी चित्रे पाठवली, की मुलगी पाहायला निघालेल्या मंडळींनाही एवढे फोटो मिळत नसतील. त्यातून जे शिकले ते थोडक्यात सांगते, कारण वाचकांपैकी कोणाला तरी ही हौस असणारच.

या होड्यांच्या तीन जाती आहेत. पहिली साध्या पातळ विनायलची. ती काही हजारांत मिळते, बसायला आरामशीर असते, आणि काट्याला भिते. दुसरी जाड पीव्हीसीची, किंवा आत हवेची पिशवी आणि वर जाड कापडाचा अंगरखा अशी. तिसरी ‘ड्रॉप-स्टिच’ नावाची. हिच्या तळाच्या दोन थरांना आतून हजारो धाग्यांनी जोडलेले असते, त्यामुळे भरपूर दाबाने हवा भरली तरी तळ फुगून गोल होत नाही, पाटासारखा सपाट आणि टणक राहतो. तिसरी उत्तम यात शंका नाही. पण तिची किंमत पहिलीच्या कित्येक पट, आणि प्राध्यापकाच्या घरात उत्तम वस्तू बहुधा वर्णनापुरत्याच येतात.

स्वस्तातली घ्यायची तर चार गोष्टी पाहाव्यात. हवेचे कप्पे निदान तीन आणि एकमेकांपासून वेगळे असावेत. एक फुटला तर उरलेल्यांनी काठापर्यंत पोचवले पाहिजे. होडीवर जे वजन छापलेले असते त्याच्या दोन-तृतीयांशावर आपण थांबावे. तळाशी मागच्या बाजूला माशाच्या परासारखी एक पट्टी असावी. ती नसेल तर होडी पुढे जाण्याऐवजी स्वतःभोवती फुगडी घालते. आणि रुंदीला कमी लेखू नये. अरुंद होडी वेगाने जाते, रुंद होडी उलटत नाही. आपल्याला शर्यत जिंकायची नाही.

इंटेक्स कंपनीच्या दोन होड्यांवर माझे मन अडले होते. ‘चॅलेंजर के-१’ एकट्या माणसाची. लांबी सुमारे २७४ सेंटिमीटर, रुंदी ७६, आणि पेलणारे वजन १०० किलो. ‘एक्सप्लोरर के-२’ दोघांची. लांबी ३१२, रुंदी ९१, वजन १८० किलो. एकटीची हलकी, दोघांची जड. पिशवी, पंप आणि वल्ही धरून दोघांचीचे ओझे पंधरा किलोंच्या पुढेच जाते. मी तर एकटीच जाणार होते. तेव्हा उत्तर उघड होते.

आमचे भौतिकशास्त्राचे सहकारी मात्र होडीपेक्षा हवेविषयी अधिक बोलले. सायकलच्या पंपाने होडी भरायला बसू नका, म्हणाले. त्याच्या एका दट्ट्यात पेलाभर हवा जाते, आणि होडीला शेकडो लिटर लागते. वर-खाली दोन्ही वेळा हवा सोडणारा मोठा हातपंप घ्या. आणि उन्हात होडी तट्ट फुगवू नका. बंद जागेतली हवा २५ अंशांवरून ५० अंशांवर गेली, तर तिचा एकूण दाब सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो. ८ टक्के म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण पातळ होडीत बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब मुळातच थोडा असतो, त्यामुळे तो दुपटीच्या वर जाऊन शिवण उसवू शकते. तेव्हा काठावर थोडी सैल भरावी. पाण्यावर आली की ती गार होते, मग हवी तर पुन्हा भरावी. सायकलच्या पंक्चरचे सोल्यूशनही चालणार नाही. ते रबराचे, विनायलला धरत नाही. ठिगळ आणि गोंद पीव्हीसीचाच हवा.

इतकी विद्या झाल्यावर मी प्रत्यक्ष पाणी पाहायला निघाले, आणि तिथे मला खरा जाणकार भेटला. मुरबाडच्या पुढे टोकावड्याच्या बाजूला एक लहान तलाव आहे. त्याच्या काठी एक कातकरी गृहस्थ जाळे सोडवत बसले होते. त्यांची होडी शेजारी पडली होती : ट्रकच्या चाकाची काळी ट्यूब, तिच्यावर दोरीने आवळलेली फळी, आणि वल्ह्यांऐवजी दोन हातांत धरायचे दोन लाकडाचे तुकडे. आमच्या बाजूच्या पाण्यावर अशा ट्यूबा सर्रास दिसतात. म्हणजे फुगवण्याच्या होडीचा शोध लावायला मी डोंबिवलीपर्यंत फोन करत होते, आणि ती इथे रोज पोट भरत होती.

मी फोनवरचे चित्र दाखवून किंमत सांगितली. त्यांनी चित्र नीट पाहिले आणि विचारले, “बाय, येवढे पैसे का हवेचे?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते. पण पुढच्या अर्ध्या तासात त्यांनी जे सांगितले ते कोणत्याही माहितीपत्रकात नव्हते. धरणाचे पाणी उतरू लागले, की बुडालेल्या झाडांचे खुंट पाण्याच्या जेमतेम खाली येतात. वरून दिसत नाहीत, आणि होडीच्या पोटात शिरतात. म्हणून दिवाळीनंतरचे भरलेले पाणी चांगले, होळीनंतरचे वाईट. काठावर बाभळीचा आणि करवंदीचा काटा असतो. होडी फुगवायची ती गोणपाट अंथरून. वारा सकाळी निजलेला असतो, ऊन तापले की उठतो. हवेची होडी पाण्यात बुडून बसत नाही, वर बसते, म्हणून वारा तिला पानासारखा नेतो. तेव्हा निघताना वाऱ्याच्या तोंडावर जावे, म्हणजे दमल्यावर परतताना वारा मदतीला येतो. उलट केले तर पलीकडच्या काठावरून चालत घरी यावे लागते.

“आणि जॅकेट?” मी विचारले.

ते हसले. ट्यूब हेच त्यांचे जॅकेट. ट्यूब फुटली तर? त्यांनी हात हलवून पोहून दाखवले. रात्रीच्या गारठ्यात, अंगावर भिजलेले कपडे आणि पायात जाळे अडकलेले असताना पोहणे म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते. म्हणून मी पुढे बोलले नाही. पण त्या दिवशी एक हिशेब पक्का झाला : होडी स्वस्त चालेल, जॅकेट नाही. जॅकेट अंगात तरंगण्याचे किती बळ आहे ते न्यूटनमध्ये लिहिलेले असते. काठाजवळ राहणाऱ्या आणि पोहता येणाऱ्या माणसाला ५० चालते. ज्याला पोहता येत नाही त्याला १०० हवे, कारण त्यात मान पाण्याबाहेर धरण्याची सोय असते. दर पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात धरणांवर आणि धबधब्यांवर जायला मनाई करणारे आदेश निघतात, आणि दर पावसाळ्यात शहरातून आलेली तरुण मुले बुडाल्याच्या बातम्या येतात. पाण्यात आपण कोण आहोत हे पाणी विचारत नाही.

पाणी विचारत नसले, तरी पाण्याचा धनी विचारतो. तानसा आणि मोडकसागर मुंबई महापालिकेचे. तिथे आत जायलाच तिची परवानगी लागते, मग होडी सोडणे दूर. तानसाभोवती तर अभयारण्यही आहे. भातसा राज्याच्या पाटबंधारे खात्याची, बारवी औद्योगिक विकास महामंडळाची. हे सारे पिण्याचे पाणी; त्यावर कोणी हौस भागवू नये हे मला मान्य आहे. या पाण्याचा कारभार किती नाजूक असतो पाहा. भातसा नदीवर पिसे येथे महापालिकेचा बंधारा आहे, आणि त्याचे दरवाजे हवेच्या दाबावर उभे राहतात. डिसेंबर २०२४ मध्ये त्या यंत्रणेत बिघाड झाला, तेव्हा मुंबईच्या पाण्यात काही दिवस १० टक्के कपात करावी लागली. म्हणजे होडी माझी असो की पाणी मुंबईचे, शेवटी दोन्ही हवेवरच.

उरतात ते लहान तलाव. तेही बेवारस नसतात. गावाची ग्रामपंचायत असते, आणि मासेमारीचा ठेका घेतलेली संस्था असते. त्या टोकावड्याकडच्या तलावासाठी मी दोघांनाही भेटले. परवानगी मिळाली ती दोन अटींवर : जाळ्यांवरून होडी न्यायची नाही, आणि मुंबईची मंडळी गोळा करून आणायची नाहीत. दुसऱ्या अटीमुळे गावाचे नाव इथे लिहीत नाही. वाचकांनी राग मानू नये.

तरीही मागणी नोंदवायला हात उठेना. त्याचे कारण माझ्या वर्गात होते. दुसऱ्या वर्षाला एक मुलगी आहे, हुशार आहे. फेब्रुवारी संपला की पहिल्या तासाला ती हमखास उशिरा येते. एकदा विचारले तर म्हणाली, “विहिरीवर नंबर होता, मॅडम.” तिच्या पाड्यावरून एका मोठ्या धरणाचे पाणी दिसते. दिसते एवढेच. तिने आयुष्यात त्या पाण्यात पाय घातलेला नाही, कारण मध्ये कुंपण आहे आणि चौकी आहे. आणि मेमध्ये पहाटे उठून ती ज्या विहिरीवर जाते, तिच्या तळाशी वाटीने पाणी भरतात.

जिथे एका हंड्यासाठी मुलीचा तास बुडतो, तिथे तिच्या बाईंनी तरंगायला जावे का? आठ दिवस मी या प्रश्नाशी भांडले. होडी न घेतल्याने तिच्या विहिरीचे पाणी वाढणार नव्हते, हे खरे. पण हे उत्तर फार सोयीचे होते, म्हणून मला ते आवडेना. शेवटी स्टाफरूमच्या दारात तिलाच गाठून सांगितले, की मी अशी अशी होडी घेणार आहे. मला वाटले ती गप्प राहील, किंवा नुसती हसेल. तिने लगेच विचारले, “त्यात किती माणसं बसतात, मॅडम?”

मी दोघांची होडी मागवली.

होडीच्या आधी जॅकेटे आली, तीन : एक ५० ची, माझ्यासाठी, दोन १०० ची. जास्तीचे १०० चे त्या कातकरी गृहस्थांना नेऊन दिले. ते घालतात असे मी सांगणार नाही. “उकडतं,” म्हणाले. परवा पाहिले तर त्यांच्या घरात खुंटीवर होते, आणि नातू ते घालून अंगणात कोंबड्यांच्या मागे धावत होता. निदान घरातल्या कोणाला तरी त्याची सवय लागते आहे.

नवी होडी घरी आल्यावर रात्रभर फुगवून ठेवली, शिवणींवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिले. आणि गेल्या वर्षी त्रिपुरी पौर्णिमेनंतरच्या रविवारी, मुलीच्या आई-वडिलांची परवानगी घेऊन, आम्ही दोघी पहिल्या गाडीने मुरबाडला आणि तिथून पुढे गेलो. तलावावर धुके होते. पूर्वेला नाणेघाटाचा अंगठा नुकता उजळत होता. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याचा माल याच घाटाने जुन्नरकडे चढत असे. गोणपाट अंथरले, आळीपाळीने पंप मारला, आणि घटकाभरात त्या निळ्या-पिवळ्या घडीची होडी झाली.

पुढे ती बसली, मागे मी. पहिली दहा मिनिटे आमची वल्ही एकमेकांवर आपटत होती. मग तिने पाठीमागे न पाहताच ताल धरला. डोक्यावर हंडा घेऊन बांधावरून चालणाऱ्या मुलीला तोल शिकवावा लागत नाही. वारा निजलेला होता. तलावाच्या मध्यावर आल्यावर तिने वल्हे मांडीवर ठेवले आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला.

“हे पाणी कुठे जातं, मॅडम?”

“कुठेच नाही. इथल्याच शेतांना.”

“सगळं?”

“सगळं.”

बराच वेळ तिने हात बाहेर काढला नाही. मग काठाकडे तोंड करून स्वतःच होडी वळवली. ऊन चढू लागले होते.

काठावर हवा काढायचे काम तिने पत्करले, आणि शेवटची हवा निघावी म्हणून होडीवर चक्क लोळण घेतली. फडक्याने ती कोरडी पुसून, घडी घालून, पिशवीत कोंबेपर्यंत गाडीची वेळ झाली. ओलीच ठेवली तर आमच्या दमट हवेत आठवड्यात बुरशी येते, हे ज्यांना घ्यायची आहे त्यांनी लक्षात ठेवावे. गाडीत कंडक्टरने पिशवीला पायाने हलकेच ढोसून विचारले, “यात काय आहे, बाई?”

मी तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणाली, “होडी.”

त्यांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिले, दोन तिकिटे फाडून हातात ठेवली आणि म्हणाले, “मग ती वाटेतून काढा. सीटखाली सरकवा.”